डोकं थांबत नाही, तर त्याला वेळ ठरवून द्या

प्रश्न : माझं वय ३६. नोकरी करते, घरी नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतं, पण माझं डोकं एक मिनिट गप्प बसत नाही. रात्री दहाला अंथरुणावर पडते आणि दीड वाजेपर्यंत टक्क जागी असते. सहाला उठावंच लागतं. गेल्या सोमवारी ऑफिसच्या एका मेलमध्ये माझ्याकडून आकडा चुकला. कुणी काही बोललं नाही, पण तो मेल मी तीन रात्री मनात पुन्हा पुन्हा लिहिला. तो संपला की आईची तब्येत, ती संपली की मुलीची परीक्षा, आणि काहीच उरलं नाही तर 'गॅस बंद केला ना?'. दिवसा एक काम हातात घेतलं की दुसरं आठवतं. त्या नादात दुपारी चारनंतरही एक-दोन कप कॉफी होते. ॲप लावून २० मिनिटं ध्यान करून पाहिलं, तर विचार दुप्पट. नवरा म्हणतो, 'इतका विचार करू नकोस.' मी करत नाही हो, ते येतात. बहीण झोपेची गोळी घेते, तिने तिच्या पट्टीतल्या चार गोळ्या दिल्यात. अजून घेतल्या नाहीत. घेऊ का? आणि मला वेड तर लागणार नाही ना?
— सैरभैर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यानेच तुमची जास्त झोप उडवली असणार. पत्रात तुम्ही जे सांगितलंय त्यात वेड लागण्याचं चिन्ह दिसत नाही. 'आपलं डोकं फिरणार की काय' ही भीती चिंतेने ग्रासलेल्या माणसांना इतकी सर्रास वाटते, की पॅनिक अटॅकच्या लक्षणांच्या वैद्यकीय यादीतसुद्धा तिला जागा आहे. विचार तुमचेच आहेत हे तुम्हाला कळतंय, ते गरजेपेक्षा जास्त आहेत हेही कळतंय. त्रास खरा आहे, पण तो ओळखीचा आहे आणि त्यावर उपाय आहेत. गोळ्यांचं शेवटी बोलू. तोवर त्या घेऊ नका.

आधी नवऱ्याच्या सल्ल्याचं बघू. 'विचार करू नकोस' हे प्रेमापोटी म्हटलेलं असलं तरी ते जमणारं नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पुढची ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नंतर त्याच लोकांना 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्याच मनात अस्वल जास्त वेळा आलं. कारण एखादा विचार येऊ द्यायचा नाही म्हटलं की मनाचा एक कोपरा 'तो आला का, तो आला का' असा पहारा देत बसतो, आणि पहारा द्यायचा तर ज्याच्यावर पहारा त्याला लक्षात ठेवावंच लागतं. तुम्ही रात्री तीन-साडेतीन तास हाच पहारा देताय.

शिवाय भटकणं हे मनाचं आजारपण नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सव्वादोन हजारांच्या आसपास लोकांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ सगळ्यांचंच मन गावभर हिंडत असतं. तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या मनात एखादा विचार आला की तुम्ही त्याला उत्तर देता. उत्तर दिलं की तो पुढचा प्रश्न विचारतो. मेलमधला आकडा चुकला, मग साहेबांच्या लक्षात आलं असेल का, मग पुढच्या बैठकीत काढतील का, मग मी काय म्हणू, ते काय म्हणतील. जात्यात दाणा नाही आणि दळण मात्र चालू.

हे दळण बंद करायला मन तयार होत नाही, कारण त्याला ते काम वाटतं. विचार केला नाही तर काहीतरी हातून निसटेल, आईकडे दुर्लक्ष होईल, पुन्हा आकडा चुकेल, अशी आत कुठेतरी समजूत असते. ती स्वतःशी कबूल केलीत तरी अर्धी गाठ सैल होते. विचार आणि घोळ यांतला फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. १० मिनिटं विचार केल्यावर कागदावर लिहिता येईल असा एखादा निर्णय हाती आला का? आला, तर तो विचार होता. त्याच जागी परत आलात, तर घोळ होता.

आता मुख्य उपाय. चिंतेसाठी रोजची एक वेळ ठरवायची. वाचून हसू येईल, पण हा उपाय जुना आणि तपासलेला आहे. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तो मांडला, तेव्हा त्यात रोज अर्धा तास होता. तुम्ही २० मिनिटांपासून सुरुवात करा.

वेळ संध्याकाळची घ्या, रोज तीच. सहा ते सहा वीस धरू. ऑफिसातून यायला सहा वाजत असतील तर साडेसहा करा, पण झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत ही वेळ नको. जागाही रोज तीच, मात्र पलंग नको आणि तुमची आवडती आरामखुर्ची तर मुळीच नको. ती खुर्ची चिंतेच्या नावावर करून टाकाल. जेवणाच्या टेबलाची कडक खुर्ची चालेल. एक साधी वही, पेन, आणि घड्याळाचा किंवा ओव्हनचा गजर. फोनचा गजर लावलात तर फोन हातात येतो, आणि फोन हातात आला की वीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

दिवसभरात, आणि रात्रीसुद्धा, चिंता आली की तिला चार-पाच शब्दांत टिपायचं. 'मेल, आकडा.' 'आई, धाप.' बस, एवढंच. स्वतःशी म्हणायचं, 'लिहिलंय, सहाला बघू', आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. पाच मिनिटांनी तीच चिंता पुन्हा आली तर पुन्हा तेच वाक्य. पहिल्या दिवशी हे तीस-चाळीस वेळा म्हणावं लागलं तरी बिघडलं नाही. हे म्हणजे पुन्हा अस्वलाला हाकलणंच नाही का, असं तुमच्या मनात येईल. नाही, आणि या फरकावरच सगळा उपाय उभा आहे. हाकलताना तुम्ही म्हणता 'येऊ नकोस'. इथे तुम्ही म्हणता 'तुझी नोंद झाली, तुझा नंबर सहाला आहे'. पहारा देण्याची गरजच उरत नाही, कारण विसरलं जाण्याची भीती कागदाने घेतलेली असते. अपुरी कामं मनात घुसत राहतात, पण ती कधी आणि कशी करायची हे नेमकं ठरवलं की, काम अजून झालेलं नसतानाही, त्यांचं घुसणं कमी होतं. हे २०११ च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

सहा वाजता वही उघडायची. समजा पानावर चार टिपणं आहेत. प्रत्येकापुढे एकच प्रश्न : याबाबत मला काही करता येईल का?

'मेल, आकडा.' करता येईल. मग नेमकं काय, कधी, कुठे ते लिहायचं : 'उद्या सकाळी १० वाजता, जागेवर बसल्या बसल्या, दोन ओळींचा मेल : कालच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत आकडा चुकला होता, दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे.' 'साहेबांशी बोलायला हवं' असं गुळमुळीत लिहिलंत तर ते रात्री पुन्हा उठून बसेल. त्यात काय बोलायचं आणि कधी हे ठरलेलंच नाही.

'आई, धाप.' अर्धं करता येईल. डॉक्टरांची वेळ घेणं, गोळ्यांची यादी करणं हे तुमच्या हातात आहे, ते लिहा. 'तिला काही झालं तर?' हे हातात नाही. त्याच्यापुढे फक्त एक फुली मारा. समजूत घालू नका, 'काही होणार नाही' असं लिहू नका. त्याची खात्री कुणालाच देता येत नाही आणि तुमच्या मनाला ते ठाऊक आहे, म्हणून ते लगेच वाद घालायला येईल. फुलीचा अर्थ एवढाच की हा प्रश्न खरा आहे आणि याला आज उत्तर नाही. ही फुली मारताना छातीत थोडं जड होतं. होऊ द्या. बहुतेक वेळा ते आपोआप उतरतं, आणि ते उतरताना पाहणं हाच या उपायाचा निम्मा गुण.

'गॅस.' सहाला वही उघडाल तेव्हा हे टिपण वाचून तुम्हालाच हसू येईल. दुपारी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट संध्याकाळी राईएवढी झालेली असते. बऱ्याच टिपणांचं असंच होतं. म्हणून ती लगेच न सोडवता सहापर्यंत ठेवायची.

गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटायची. लगेच उठून हाताला काम लागेल असं काहीतरी करा, नाहीतर खुर्चीवर बसल्या बसल्या दुसरी फेरी सुरू होते.

हा उपाय फसतो तो ठरावीक कारणांनी. पहिलं म्हणजे चांगल्या दिवशी सुट्टी घेणं. 'आज काही विशेष नाही' म्हणून सहाची वेळ चुकवली की मन शिकतं, या बाईचं 'सहाला बघू' खोटं असतं. मग रात्री ते ऐकत नाही. पान कोरं असलं तरी बसा, तारीख टाका, ५ मिनिटांनी मिटा. दुसरं, दिवसा टिपताना निबंध लिहिणं. चार-पाच शब्दांच्या वर गेलात तर ते टिपण राहत नाही, पुन्हा दळण होतं. तिसरं, चार दिवसांत निकाल मागणं. किमान दोन आठवडे, न चुकवता, द्या. पहिल्या तीन-चार दिवसांत तर विचार वाढल्यासारखे वाटतात, कारण आजवर ते मोजले नव्हते, आता प्रत्येकाची नोंद होतेय.

आता रात्र. तुमचं गणित मांडून बघू. दहा ते सहा, म्हणजे ८ तास अंथरुणात आणि झोप साडेचार तास. उरलेले साडेतीन तास रोज पलंगावर चिंता. शरीर काय शिकणार? पलंग ही चिंता करायची जागा. म्हणूनच सोफ्यावर टीव्हीसमोर डुलक्या येत असतात आणि पलंगावर पाठ टेकली की डोळे टक्क. ही सांगड तोडायची पद्धत रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली, आणि निद्रानाशावरच्या उपचारात ती आजही पायाभूत मानली जाते.

तिचे नियम थोडे निर्दय आहेत. झोप आल्यावरच पडायचं. दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. पापण्या जड होणं, मान कलंडणं, ओळ दोनदा वाचावी लागणं, याला झोप म्हणायचं. अंदाजे २० मिनिटांत लागली नाही, किंवा चिडचिड सुरू झाली, तर उठायचं. अंदाजेच हं, घड्याळ बघायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, कारण 'दीड वाजला, आता फक्त साडेचार तास' हा हिशेब झोप उडवायला पुरेसा असतो. उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली खुर्चीत बसायचं आणि काहीतरी रटाळ करायचं : आधी वाचलेलं पुस्तक, मोज्यांच्या जोड्या लावणं, जुन्या कागदांची चळत. फोन नको, ऑफिसचं काम नको. डोळे मिटायला लागले की परत पलंगावर. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठायचं. आणि कितीही वाजता झोपलात तरी सकाळी सहाला उठायचं, रविवारीही. दुपारची झोप बंद.

याच्याच जोडीला अंथरुणातला वेळ कमी करा. दहाला पडू नका, बाराला पडा. बारा ते सहा, ६ तास. साडेचार तास झोपणाऱ्याला झोपेचा वेळ कमी करायला सांगणं उलटं वाटेल, पण तुमची झोप यात कापली जात नाही, जागरण कापलं जातं. जितका वेळ सलग जागे राहाल तितका झोपेचा दाब साठतो, आणि तो दाब विचारांवर मात करतो. आठवडाभर रोज सकाळी वहीत तीनच गोष्टी लिहा : कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती जागी होते. ६ तासांपैकी सरासरी ५ तासांच्या वर, म्हणजे साधारण ८५ टक्के, झोप झाली की पुढच्या आठवड्यात पावणेबाराला पडा. असं दर आठवड्याला १५ मिनिटं मागे या. साडेपाच तासांच्या खाली मात्र अंथरुणातला वेळ कधीही आणू नका.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगून ठेवतो. दुपारी डोळे मिटतील, चिडचिड होईल. बरेच लोक याच टप्प्यावर, फरक पडायच्या आधीच सोडतात. गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना डुलकी धोक्याची, तिथे सांभाळा. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी झोपेचा वेळ कमी करण्याचा हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. झोप कमी झाल्याने फिट किंवा उन्माद उफाळू शकतो.

निजण्याआधी ५ मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. सहाच्या चिंतेच्या वहीत नको, वेगळ्या कागदावर. २०१८ च्या एका अभ्यासात ५७ तरुण निरोगी लोकांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणारे सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर. एका रात्रीचा छोटा प्रयोग आहे, त्यावर महाल बांधू नये, पण यात खर्च पाच मिनिटांचा आणि तोटा काही नाही.

श्वासाचा व्यायाम तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो, कारण धडधड सुरू असताना वही उघडायला हात जात नाही. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. एका श्वासाला १० सेकंद, मिनिटाला ६ श्वास, ५ मिनिटांत ३०. श्वास घेताना हृदय किंचित वेगाने चालतं आणि सोडताना किंचित मंदावतं, म्हणून सोडण्याचा वेळ जास्त. लोक इथे एकच चूक करतात : 'खोल श्वास घ्या' ऐकून छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि 'आता हार्ट अटॅक' असा नवा विचार हजर होतो. श्वास लहान आणि संथ ठेवा, इतका की शेजारच्याला ऐकू येऊ नये. मोजणीत दम लागत असेल तर ३ आत, ४ बाहेर करा.

ध्यानात विचार दुप्पट झाले म्हणता. बहुधा ते दुप्पट झाले नव्हते, दिसायला लागले होते. खोलीतला पंखा बंद केल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू येते तसं. शिवाय काही लोकांना शांत बसवलं की अस्वस्थता खरोखरच वाढते, हेही अभ्यासांत नोंदलेलं आहे. त्यात तुमचा दोष नाही. २० मिनिटं ही नवशिक्यासाठी फार. डोळे उघडे ठेवून ३ मिनिटं चाला, पावलं एक ते दहा मोजा, पुन्हा एकपासून. सातव्या पावलाला मन मेलवर गेलं तर परत एक. 'परत एक' म्हणणं हाच व्यायाम आहे. जुना आघात किंवा भयानक आठवण वर येत असेल तर हे एकट्याने रेटू नका, थांबा.

कॉफीचं थोडक्यात. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, काहींना तीन, काहींना सात. म्हणजे चारच्या कपातलं निम्मं रात्री नऊला आणि पाव भाग पहाटे दोनलाही रक्तात असतो. दुपारी बारानंतर बंद करा, पण एका दिवसात एकदम नको, नाहीतर दोन-तीन दिवस डोकं ठणकेल. आठवड्यात एक-एक कप कमी करा. चहा, कोला आणि एनर्जी ड्रिंक यांतही कॅफीन असतं. 'झोप यावी म्हणून' दारूचा घोट कुणी सुचवला तर ऐकू नका. डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री जाग येते.

दिवसा 'एक ना धड भाराभर चिंध्या' होतात, त्यावर एकच : हातातल्या कामाला २५ मिनिटं द्या, फोन नजरेआड, कागद शेजारी. मध्ये आठवलेलं काम करायला उठू नका, कागदावर उतरवा. शंभरातली नव्वद कामं २५ मिनिटं थांबू शकतात.

नवऱ्यालाही हे पत्र वाचायला द्या. 'विचार करू नकोस'ऐवजी त्यांनी 'वहीत लिहिलंस का?' एवढंच विचारावं. तुम्ही 'सगळं ठीक होईल ना?' म्हणून दिवसातून दहादा विचारत असाल, आणि बहुतेक विचारत असाल, तर त्यांनी दहादा 'हो' म्हणणं बंद करावं. दिलासा दहा मिनिटं पुरतो आणि पुढच्या दिलाशाची सवय लावतो. इंटरनेटवर लक्षणं शोधणं हा त्याच सवयीचा दुसरा अवतार.

डॉक्टरांकडे कधी जायचं? नेहमीच्या डॉक्टरांना एकदा भेटाच, कारण काही शारीरिक कारणं अगदी अशीच दिसतात. थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, हाताला कंप, घाम, वजन उतरणं आणि मन सैरभैर हे सगळं एकत्र येतं. टीएसएच ही रक्ततपासणी त्यासाठी पुरते. दम्याचा इनहेलर, स्टेरॉइड, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या यांनीही डोकं धावतं, म्हणून चालू औषधांची यादी न्या. चिंता सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवशी, आवरता न येणारी असेल आणि जोडीला थकवा, स्नायूंत ताठरपणा, चिडचिड, झोपमोड असेल तर त्याला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसॉर्डर म्हणतात. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी चाचणी डॉक्टर भरून घेतील, गुण ० ते २१, आणि १० किंवा वर आले तर नीट तपासणी हवी. उपचार म्हणजे सीबीटी ही बोलण्याची पद्धत, साधारण १२ ते १५ बैठका, किंवा औषध, किंवा दोन्ही. या चिंतेवर रोज घ्यायच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्याआधी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नये.

काही चिन्हं मात्र वेगळी वाट दाखवतात. अगदी लहानपणापासून, बारा वर्षांच्या आधीपासून, लक्ष टिकत नव्हतं का? मग एडीएचडीची, म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकण्याच्या विकाराची, तपासणी. 'गॅस बंद केला ना' एकदा बघून सुटत असेल तर सोडून द्या. पाच-दहा वेळा उठून बघावं लागत असेल, दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल, तर तो ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार, असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा. आणि कधी सलग चार-पाच दिवस झोप तीन तास, तरीही थकवा शून्य, बोलणं भरभर, पैसा पाण्यासारखा, डोक्यात भन्नाट बेत, असं झालं तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ गाठा. तुम्ही थकलेल्या आहात, हा तुमच्यातला आणि त्यातला मोठा फरक. जगणं नको वाटतंय किंवा स्वतःला इजा करावीशी वाटतेय अशा वेळी सहाची वाट बघायची नसते. त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवा आणि रुग्णालयात किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनकडे जा.

सगळं एकदम सुरू करू नका. तुमचा स्वभाव बघता सोमवारी तुम्ही आठही गोष्टींचा तक्ता बनवाल. पहिले दोन आठवडे फक्त सहाची वही आणि दुपारनंतर कॉफी बंद. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीचे नियम.

राहिल्या चार गोळ्या. घेऊ नका. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण थोड्याच दिवसांत बोथट होतो आणि बंद केल्यावर काही रात्री झोप आधीपेक्षा वाईट लागते, मग माणूस पुन्हा पट्टीकडे वळतो. सकाळी सुस्ती राहते, गाडी चालवताना ती महागात पडते, आणि दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांसोबत काही गोळ्यांनी श्वास मंदावतो. बहिणीचा डोस तिच्या वजनाला, वयाला, तिच्या इतर औषधांना बघून दिलेला आहे. कधी थोड्या दिवसांसाठी गोळी लागते, नाही असं नाही, पण ती तुम्हाला तपासून दिलेली हवी. त्या चार गोळ्या बहिणीला परत करा. आणि तिलाही 'तू पण बंद कर' असं सांगायला जाऊ नका. रोज घेणाऱ्याने अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायच्या असतात.